बुलेटच्या पोटातले त्रैराशिक

पुण्याहून जुन्या रस्त्याने मुंबईकडे निघालात, की मुळा नदीवरचा हॅरिस पूल ओलांडताच दापोडी लागते. येथे एस.टी.ची मध्यवर्ती कार्यशाळा आहे, लष्करी अभियांत्रिकी महाविद्यालय आहे आणि पुढे फुगेवाडी, कासारवाडी, पिंपरी, चिंचवड, आकुर्डी अशी कारखान्यांची रांगच सुरू होते. या रस्त्यावर यंत्रांचा आवाज कधी थांबत नाही. त्या सगळ्या गोंगाटात एक आवाज मात्र तुम्ही डोळे मिटूनही ओळखाल. ‘धड् धड् धड्’ करीत जाणाऱ्या बुलेट मोटरसायकलचा!

आता एक गोष्ट करून पाहा. चौकातला दिवा हिरवा झाला आणि बुलेट सुटली, की नुसते कान देऊन ऐका. धडधड आधी संथ असते, मग भरभर होते. एकदम खाली उतरते, पुन्हा चढते. पुन्हा उतरते, पुन्हा चढते. गाडीचा वेग तर सारखा वाढतोच आहे. मग आवाज मध्येच खाली का उतरतो? आणि जुन्या बुलेटचा आवाज ज्या पायऱ्यांनी उतरतो, त्याच पायऱ्यांनी नव्या बुलेटचा उतरत नाही, असे का? या दोन प्रश्नांची उत्तरे गिअरबॉक्सच्या पोटात आहेत, आणि ती समजायला सातवीचे त्रैराशिक पुरेसे आहे.

सायकलीपासून सुरुवात

तुमची सायकल उलटी करून उभी करा. पायडलच्या मोठ्या चक्राचे दात मोजा, मागच्या लहान चक्राचे मोजा. समजा, मोठ्याला ४४ आणि लहानाला १८ दात आहेत. साखळीची प्रत्येक कडी एकेका दातात बसते. म्हणून पायडलचा एक फेरा झाला, की ४४ कड्या पुढे सरकतात आणि मागचे चक्र ४४ भागिले १८, म्हणजे जवळजवळ अडीच फेरे फिरते. या भागाकारालाच आपण दंतचक्रांचे गुणोत्तर म्हणतो.

सायकलीत आपण पायांचे थोडे फेरे देऊन चाकाचे जास्त फेरे मिळवतो. मोटरसायकलीत नेमके उलटे असते. एंजिन मिनिटाला हजारो फेरे फिरते. चाकाला तितके नको असतात. त्याऐवजी चाकाला हवा असतो जोर, म्हणजे पीळ. म्हणून एंजिनाचे अनेक फेरे खर्च करून चाकाचा एक फेरा घेतात. जितके फेरे खर्च, तितक्या पट पीळ वाढतो. तरफेचा लांब दांडा धरून जड दगड हलवावा, तसेच हे. हात जास्त अंतर फिरतो, दगड थोडाच हलतो, पण हलतो!

चार गिअरची बुलेट

बुलेट मूळची इंग्लंडची. रेडिच गावच्या रॉयल एनफिल्ड कंपनीची ही गाडी. आपल्या सैन्याला सीमेवरील अवघड रस्त्यांसाठी ती पसंत पडली आणि १९५५ मध्ये तेव्हाच्या मद्रास येथे एनफिल्ड इंडिया ही कंपनी स्थापन झाली. इंग्लंडमधले उत्पादन १९७० पर्यंत संपले. मद्रासमधले मात्र चालूच राहिले. त्यामुळे ३५० सीसी बुलेट जवळजवळ त्याच घडणीत कित्येक दशके बनत राहिली. तिच्या एंजिनात एकच सिलिंडर. त्याचा व्यास ७० मिलिमीटर आणि दट्ट्याची धाव ९० मिलिमीटर. शक्ती १८ अश्वशक्ती.

या गाडीचा गिअरबॉक्स इंग्लंडमधील आल्बियन कंपनीच्या धर्तीचा, चार गिअरचा. त्याची गुणोत्तरे अशी :

पहिला गिअर – २.७८
दुसरा गिअर – १.८४
तिसरा गिअर – १.३६
चौथा गिअर – १.००

पण एंजिनापासून चाकापर्यंतचा प्रवास एवढ्यावर संपत नाही. तो तीन टप्प्यांचा आहे. पहिल्या टप्प्यात एंजिनावरचे २५ दातांचे चक्र साखळीने क्लचचे ५६ दातांचे चक्र फिरवते : ५६ ÷ २५ = २.२४. दुसरा टप्पा गिअरबॉक्सचा. तिसऱ्या टप्प्यात गिअरबॉक्सबाहेरचे १६ दातांचे चक्र मागच्या चाकाचे ३८ दातांचे चक्र फिरवते : ३८ ÷ १६ = २.३७५. तिन्हींचा गुणाकार केला, की एकूण गुणोत्तर मिळते.

चौथ्या गिअरमध्ये : २.२४ × १ × २.३७५ = ५.३२. म्हणजे एंजिनाचे ५.३२ फेरे झाले, की मागचे चाक एकदा फिरते. याच रीतीने तिसऱ्यात ७.२४, दुसऱ्यात ९.७९ आणि पहिल्यात १४.७९. गणित स्वतः करून पाहा.

आता वेग काढू. बुलेटच्या मागच्या चाकाचा घेर सुमारे २.०४ मीटर असतो. एंजिन मिनिटाला ३००० फेरे फिरत असेल, तर चौथ्या गिअरमध्ये चाक ३००० ÷ ५.३२ = ५६४ फेरे फिरेल. ५६४ ला २.०४ ने गुणा, मग ताशी वेगासाठी ६० ने गुणा आणि १००० ने भागा. उत्तर येते ताशी ६९ किलोमीटर. त्याच ३००० फेऱ्यांत तिसऱ्या गिअरमध्ये वेग ५१, दुसऱ्यात ३७ आणि पहिल्यात अवघा २५. एंजिन तेवढेच धावते आहे. फक्त त्रैराशिक बदलले!

घाटातली परीक्षा

आता हीच गाडी खोपोलीहून खंडाळ्याच्या घाटात घाला. गाडी आणि दोन माणसे मिळून ३०० किलो धरू. चढ दहास एक, म्हणजे दहा मीटर पुढे गेल्यावर एक मीटर वर. गाडी मागे घसरू नये म्हणून चाकाने ३०० × ९.८ ÷ १० = २९४ न्यूटन बल लावले पाहिजे. चाकाची त्रिज्या सुमारे ०.३२५ मीटर, म्हणून चाकापाशी २९४ × ०.३२५, म्हणजे जवळजवळ ९६ न्यूटन-मीटर पीळ हवा.

चौथ्या गिअरमध्ये एंजिनाला यातला ५.३२ वा हिस्सा, म्हणजे १८ न्यूटन-मीटर पीळ द्यावा लागेल. दुसऱ्या गिअरमध्ये ९.७९ वा हिस्सा, म्हणजे १० पेक्षाही कमी. वारा आणि घर्षण यांचा विरोध वेगळाच. चढावर वेग ताशी ३० वर आला असेल, तर चौथ्या गिअरमध्ये एंजिन मिनिटाला जेमतेम १३०० फेरे फिरते आणि धक्के खात, ठोके देत कुरकुरते. अशा वेळी चालक दुसरा गिअर टाकतो. एंजिनाचे फेरे २४०० च्या घरात जातात, कुरकूर थांबते आणि गाडी चढू लागते.

येथे एक गैरसमज दूर करून ठेवा. खालचा गिअर टाकल्याने एंजिनाची शक्ती वाढली, असे नव्हे. त्या चढावर ताशी ३० ने जायला लागणारी शक्ती कोणत्याही गिअरमध्ये तेवढीच. ती थोडे फेरे आणि मोठा पीळ अशी द्यायची, की पुष्कळ फेरे आणि लहान पीळ अशी, एवढेच गिअर ठरवतो. रुपया तोच, गिअरबॉक्स फक्त सुटे करून देतो.

एकाला एक : सरळ वाट

चौथ्या गिअरचे गुणोत्तर नेमके १.०० कसे? गिअरबॉक्समध्ये दोन दांडे समांतर असतात. गॅरेजमध्ये त्यांना मेन शाफ्ट आणि ले शाफ्ट म्हणतात. क्लचकडून फेरे मेन शाफ्टवर येतात. खालच्या गिअरमध्ये ते एका जोडीने ले शाफ्टवर उतरतात आणि दुसऱ्या जोडीने पुन्हा वर येऊन बाहेरच्या चक्राला मिळतात. ही शेवटची जोडी सर्व खालच्या गिअरना सामाईक असते. वरच्या गिअरमध्ये मात्र मेन शाफ्ट आणि बाहेरचे चक्र एकमेकांत थेट अडकतात. दातांच्या जोड्यांतून जोर जातच नाही. म्हणून घर्षणही कमी. सपाट रस्त्यावर तासन् तास ज्या गिअरमध्ये जायचे, त्याला ही सरळ वाट दिलेली असते.

खालच्या गिअरचे गुणोत्तर दोन जोड्यांचा गुणाकार असते. उदाहरणादाखल काही आकडे घेऊ. हे कोणत्या गाडीचे नव्हेत, समजण्यापुरते आहेत. पहिली जोडी १८ आणि २७ दातांची, म्हणजे १.५. सामाईक जोडी १७ आणि २८ दातांची, म्हणजे १.६५. गुणाकार २.४७. आता २.४७ च्या जागी कोणाला २.४५ हवे असेल तर? दात अर्धा कापता येत नाही. एक दात इकडचा तिकडे केला, की गुणोत्तर एकदम उडी मारते. म्हणून गिअरबॉक्स आखणाऱ्या अभियंत्याला मनातले गुणोत्तर क्वचितच मिळते. पूर्णांकांच्या बाजारात जे जवळ असेल ते घ्यावे लागते.

पाच गिअर आले, मग काय बदलले?

एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात बुलेटच्या घराण्यात पाच गिअरचा गिअरबॉक्स रुळला. त्याची गुणोत्तरे : ३.०६, २.०१, १.५२, १.२१ आणि १.००.

पुष्कळांना वाटते, पाचवा गिअर म्हणजे जास्त वेग. पण यादी नीट पाहा. शेवटचे गुणोत्तर चार गिअरच्या यादीतही १.०० होते, या यादीतही १.०० आहे! बाहेरची चक्रे तीच ठेवली, तर ३००० फेऱ्यांना वरच्या गिअरमधला वेग काडीइतकाही वाढणार नाही. मग मिळाले काय? दोन गोष्टी. पहिला गिअर २.७८ वरून ३.०६ झाला, म्हणजे सुटताना चाकाला सुमारे दहा टक्के जास्त पीळ. आणि मधल्या पायऱ्या लहान झाल्या.

पायरी किती मोठी, हे शेजारच्या दोन गुणोत्तरांच्या भागाकाराने कळते. जुन्या गिअरबॉक्समध्ये पहिल्यावरून दुसऱ्यावर १.५१ पट, मग १.३५ पट, मग १.३६ पट. एंजिन ३००० वर असताना तिसऱ्यावरून चौथा टाकला, तर फेरे एकदम २२०० वर येतात. नव्यामध्ये पायऱ्या १.५२, १.३२, १.२६ आणि १.२१. ३००० वर असताना चौथ्यावरून पाचवा टाकला, तर फेरे २४८० च्या आसपास राहतात. म्हणजे एंजिन आपल्या जोमाच्या टापूतून फारसे बाहेर जात नाही. उंच चार पायऱ्यांचा जिना आणि बेताच्या पाच पायऱ्यांचा जिना यांत म्हाताऱ्या माणसाला जो फरक वाटतो, तोच एंजिनाला वाटतो.

आणि आता गाण्याच्या वर्गाला जाणाऱ्यांसाठी एक गंमत. षड्ज आणि पंचम यांच्या कंपनसंख्यांचे प्रमाण १.५, षड्ज-मध्यमाचे १.३३, षड्ज-शुद्ध गांधाराचे १.२५, षड्ज-कोमल गांधाराचे १.२. नव्या गिअरबॉक्सच्या पायऱ्या पुन्हा वाचा : १.५२, १.३२, १.२६, १.२१. एंजिनाची धडधड प्रत्येक गिअरला अनुक्रमे जवळजवळ पंचम, मध्यम, शुद्ध गांधार आणि कोमल गांधार इतक्या अंतराने षड्जावर उतरते! जुनी बुलेट मात्र पंचमाने एकदा आणि मध्यमाहून किंचित मोठ्या अंतराने दोनदा उतरते. हे कोणी संगीतासाठी केलेले नाही. बुलेटचे ठोकेही ३००० फेऱ्यांना सेकंदाला अवघे २५, म्हणजे अगदी खर्जाच्याही खाली. हार्मोनियमशी ते जुळवता यायचे नाहीत. पण कान जे ऐकतो ते प्रमाण, आणि गिअर जे बदलतो तेही प्रमाणच. म्हणून सराईत कान रस्त्यावरून जाणारी गाडी चार गिअरची की पाचाची हे सांगू शकतो.

एक मिलिमीटरचे मोल

हे सगळे समजून उपयोग काय? जुनी यंत्रे दुरुस्त करणाऱ्यांना विचारा. पन्नास वर्षांची बुलेट कोणी हौसेने जपलेली असते. गिअरचा एक दात तुटतो. दुकानात त्याच नावाचा गिअर मिळतो, पण तो दुसऱ्या सालच्या गाडीचा असतो. बसवून पाहायचा का?

आपली उदाहरणाची जोडी आठवा : १८ आणि २७, बेरीज ४५. दुसऱ्या सालच्या गिअरबॉक्समध्ये त्या जागी १९ आणि २६ आहेत असे समजा; बेरीज पुन्हा ४५. ही बेरीज सारखी असणे हा योगायोग नाही. दोन दांड्यांमधले अंतर ठरलेले असते, आणि सारख्या मापाचे दात असलेल्या जोडीच्या दातांची बेरीज त्या अंतरावरूनच ठरते. दाताचे माप, म्हणजे मॉड्यूल, २ मिलिमीटर असेल, तर ४५ दातांच्या बेरजेला अंतर ४५ मिलिमीटर लागते.

आता जुन्यातला २७ चा गिअर आणि नव्यातला १९ चा एकत्र केला, तर बेरीज ४६. अंतर ४६ मिलिमीटर हवे. जागा ४५ चीच. गिअर बसणारच नाही. हे बरे, कारण चूक लगेच कळते. पण १८ आणि २६ एकत्र केले तर? बेरीज ४४, अंतर ४४ हवे, जागा ४५ ची. गिअर बसतो, हाताने फिरवला तर छान फिरतो! मात्र जे दात एकमेकांत ४ मिलिमीटर खोल जायला हवेत, ते ३ मिलिमीटरच जातात. सगळा भार दातांच्या टोकांवर येतो. गाडी आठवडाभर, कदाचित महिनाभर चालेल. मग एके दिवशी दात तुटून दोन चक्रांत अडकेल. धावत्या गाडीचे मागचे चाक जागच्या जागी आवळले जाण्याइतकी भयंकर गोष्ट दुसरी नाही. म्हणून चांगला कारागीर जोडीतला एकच गिअर कधी बदलत नाही, जोडीच बदलतो. आणि आधी दात मोजतो, मगच पाना हातात घेतो.

सालाचा फरक पायांनाही विसरून चालत नाही. जुन्या बुलेटचा गिअर उजव्या पायाला आणि ब्रेक डाव्या पायाला असे. नंतरच्या गाड्यांत हे उलट झाले. एका गाडीची सवय घेऊन दुसरीवर बसलेल्याने घाईत ब्रेक म्हणून गिअरच दाबला, तर काय होईल ते सांगायला नको.

सगळेच फरक असे धोक्याचे नसतात. गिअरबॉक्सबाहेरचे १६ दातांचे चक्र काढून १७ दातांचे लावले, तर दोन चक्रे साखळीने जोडलेली असल्याने अंतराची अडचण येत नाही. एकूण गुणोत्तर ५.३२ वरून ५.०१ होते. ३००० फेऱ्यांना वेग ६९ ऐवजी ७३. मात्र घाटात पीळ त्याच प्रमाणात घटतो. सपाटीवर मिळवले ते चढावर द्यावे लागते.

करून पाहा

गिअरबॉक्स न उघडता आतली गुणोत्तरे मोजता येतात. हा प्रयोग घरातल्या मोठ्या माणसाबरोबर आणि थंड एंजिनावरच करा. गाडी मधल्या स्टँडवर उभी करा, पेट्रोलची तोटी बंद करा, किल्ली काढून घ्या, जवळपास ज्योत नसू द्या. मोठ्या माणसाकडून स्पार्क प्लग काढून घ्या आणि त्या भोकासमोर कागदाची पट्टी धरा. वरचा गिअर टाकून मागचे चाक हाताने टायरला धरून सावकाश फिरवा. बोटे साखळीपासून आणि आऱ्यांपासून दूर ठेवा. दट्ट्या हवा दाबू लागला, की पट्टी फडफडेल. चार धावांच्या एंजिनात हे दर दोन फेऱ्यांना एकदाच होते. म्हणून चाकाचे २० फेरे द्या आणि फडफड मोजा. आपल्या चार गिअरच्या बुलेटमध्ये ती सुमारे ५३ वेळा होईल. तिसऱ्या गिअरमध्ये हाच प्रयोग केला, तर ७२ वेळा. ७२ ला ५३ ने भागा. १.३६! पोटातला आकडा बाहेर आला. पहिल्या गिअरमध्ये चाक हाताने फिरवणे फार जड जाईल. का, ते आता तुम्हीच सांगा.

गिअर नसलेली गाडी

दापोडीहून त्याच रस्त्याने पुढे गेले, की आकुर्डीला बजाजचा कारखाना लागतो. १९७२ पासून पुढे अनेक वर्षे बनलेल्या बजाज चेतक स्कूटरला चार गिअर होते, आणि ते डाव्या मुठीने फिरवावे लागत. त्याच नावाची विजेवरची चेतक २०२० मध्ये बाजारात आली आणि २०२२ मध्ये आकुर्डीला विजेच्या गाड्यांसाठी कारखाना सुरू झाला. या चेतकमध्ये बदलायचे गिअरच नाहीत. एकच ठरलेले गुणोत्तर! कारण विजेची मोटर अगदी शून्य फेऱ्यांपासून भरपूर पीळ देते. पेट्रोलचे एंजिन तसे करू शकत नाही. उभ्या गाडीला ते जोडून ठेवले, तर बंदच पडते. त्याच्या या उणिवेसाठी गिअरबॉक्स जन्माला आला.

पण त्रैराशिक तेथेही सुटलेले नाही. ते एक गुणोत्तर किती ठेवायचे, हे कोणाला तरी ठरवावेच लागते. मोठे ठेवले, तर चढावर जोर आणि सपाटीवर वेग कमी. लहान ठेवले, तर उलट. बुलेटचा चालक हा निर्णय घाटात दर वळणावर घेत असे. विजेच्या गाडीचा अभियंता तो एकदाच, कागदावर घेतो.

जाता जाता दोन गणिते. एक : बाहेरचे चक्र १८ दातांचे केले, तर आपल्या बुलेटचा चौथ्या गिअरमधला वेग ३००० फेऱ्यांना किती होईल? दोन : दोन दांड्यांतले अंतर ४५ मिलिमीटर आणि मॉड्यूल २ मिलिमीटर असताना, गुणोत्तर १.३६ च्या जास्तीत जास्त जवळ नेणारी एकच जोडी कोणती? दोन्ही चक्रांचे दात सांगा. पहिल्याचे उत्तर ७७ ते ७८ यांच्या मध्ये येते. दुसऱ्याचे उत्तर शोधताना पूर्णांकांचा बाजार किती कडक आहे, ते तुमच्या लक्षात येईल.